सापडलेला उंदीर कुठला?

रशियातल्या उरल पर्वतरांगेत, येकातेरिनबुर्ग शहराच्या पश्चिमेला सुमारे ५० किमीवर रेव्दा हे कारखान्यांचं गाव आहे. तांबं गाळायचा तिथला कारखाना १९४० साली सुरू झाला. खनिजात तांब्याच्या जोडीला गंधक, शिसं, कॅडमियम, जस्त आणि आर्सेनिकही असतं. तांबं काढून घेतलं की उरलेल्यातलं बरंचसं धुरांड्यातून वर जायचं आणि आसपासच्या जंगलावर उतरायचं. १९८० मध्ये हा कारखाना वर्षाला सुमारे सव्वादोन लाख टन प्रदूषकं हवेत सोडत होता. त्यातला मोठा वाटा सल्फर डायऑक्साइडचा. १९९० मध्ये आकडा दीड लाख टनांच्या आसपास होता. २०१० मध्ये नूतनीकरण पुरं झालं आणि तो काही हजार टनांवर आला.

कारखान्यापासून पश्चिमेला चालत गेलं तर एकाच दिवसात जंगलाच्या सगळ्या अवस्था पाहायला मिळतात. पहिल्या दीड-दोन किलोमीटरांत सुकलेली खोडं, मोठी मोकळी मैदानं, जमिनीवर एकाच जातीच्या शेवाळाची पसरलेली सतरंजी आणि मधूनमधून गवताचे झुबके. चार ते सहा किलोमीटरांवर झाडं उभी दिसतात, पण शेंडे विरळ झालेले असतात. वीस-तीस किलोमीटरांवर मात्र स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांचं दाट, ओलसर, अंधारं जंगल. कारखान्याजवळच्या पालापाचोळ्याच्या थरात किलोमागे तांबं काही हजार मिलिग्रॅम भरतं, तीस किलोमीटरांवर शंभराच्याही खाली. येकातेरिनबुर्गच्या वनस्पती व प्राणी परिसर-विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ १९९० पासून याच रेषेवर उंदीरवर्गातले छोटे प्राणी मोजत आले आहेत. प्रदूषित प्रदेशात लहान सस्तन प्राणी कसे विखुरलेले असतात, हे समजून घ्यायला इतकी सलग, इतकी शिस्तशीर नोंद फार थोड्या ठिकाणी आहे.

अशा कामातून साधारणपणे एक आलेख बाहेर पडतो. आडव्या अक्षावर कारखान्यापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर सापडलेले प्राणी, आणि कारखान्याकडे येताना घसरत जाणारी रेघ. रेघ खरी असते. तिचा अर्थ मात्र घाईने काढला जातो: जवळ विष जास्त, म्हणून उंदीर मरतात, म्हणून उंदीर कमी. माझं म्हणणं असं की सापळ्यातल्या आकड्यावरून हे कळत नाही. तो प्राणी तिथेच जन्मला की चार दिवसांपूर्वी बाहेरून आला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ, कारण दख्खनमध्ये तो दिसत नाही. व्होल हा उंदराचा नातेवाईक, पण ठेंगणा, बोथट नाकाचा, लहान कानांचा आणि आखूड शेपटीचा. भारतात व्होल हिमालयात आहेत, द्वीपकल्पात नाहीत. उरलच्या जंगलात सगळ्यात जास्त सापडतो तो तांबूस पाठीचा बँक व्होल. वजन पंधरा ते तीस ग्रॅम. कोवळा पाला, बिया, बेरी, अळंबी, हिवाळ्यात शेवाळ, दगडफूल आणि साल, असं जे मिळेल ते तो खातो. गर्भकाळ अठरा ते वीस दिवसांचा, एका वेताला बहुधा चार ते सहा पिल्लं. वसंतात जन्मलेली पिल्लं, जागा मोकळी असेल तर, त्याच उन्हाळ्यात माजावर येतात आणि वितात. उन्हाळा सरताना जन्मलेली पिल्लं वाढ थांबवून बर्फाखाली हिवाळा काढतात आणि पुढच्या वसंतात प्रजनन करून शरदापर्यंत संपतात. म्हणजे सप्टेंबरमध्ये सापळ्यात आलेल्या दोन सारख्याच वजनाच्या व्होलांपैकी एक तीन महिन्यांचा, दोन वेतं झालेला असू शकतो, आणि दुसरा कधीच न व्यालेला, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेला. या दोघांना एका रकान्यात टाकलं की पुढचं सगळं गणित बिघडतं.

विष या प्राण्यापर्यंत कसं पोचतं हा पुढचा प्रश्न. थेट अंगात भिनून मरणं हा एक रस्ता आहे, पण रेव्दाच्या जंगलात मोठा रस्ता पायाखालून जातो. धातूंनी भरलेल्या, आम्ल झालेल्या मातीत गांडुळं टिकत नाहीत. बुरशी आणि जिवाणूंचं काम मंदावतं. पडलेली पानं कुजत नाहीत, वर्षानुवर्षं साठत जातात, आणि कारखान्याजवळ पाचोळ्याचा थर स्वच्छ जंगलातल्यापेक्षा कितीतरी जाड होतो. हा थर कोरडा आणि निर्जीव असतो. त्यात अळ्या कमी, म्हणून चिचुंद्रीच्या जातीतले किडेखाऊ प्राणी कमी. गांडुळं नाहीत म्हणून मोल नाही. मोल म्हणजे फावड्यासारखे पुढचे पाय असलेला, जन्मभर जमिनीखाली बोगदे खणणारा प्राणी. कारखान्याभोवती मोलची हद्द गांडुळांच्या हद्दीच्या मागोमाग फिरते, आणि तो स्वतः धातूंनी किती आजारी पडतो हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो.

व्होलची गोष्टही बरीचशी अशीच. झाडं मेली की सावली जाते, बेरीची झुडपं जातात, अळंबी बदलतात, पडलेल्या ओंडक्यांखालची ओल जाते. त्याऐवजी गवत येतं. आणि गवत आलं की गवतात राहणारे दुसरे व्होल येतात, लहान रानउंदीर येतात. जंगलातला व्होल कमी होतो तेव्हा त्याच्या जागी दुसरं कोणीतरी वाढलेलं असू शकतं. फक्त एकूण उंदरांची बेरीज पाहणाऱ्याला ही अदलाबदल दिसतच नाही. निवासाचा हा बदल धातूंमुळेच झालेला आहे, यात शंका नाही. पण त्याच मैदानात, तितकेच धातू असताना, एखाद्या ओढ्याकाठी चार झाडं आणि ओली जमीन उरली असेल तर तिथे व्होल टिकून असतो. मूत्रपिंडात कॅडमियम भरलेला, तरीही टिकून.

म्हणूनच प्रदूषित पट्ट्यात प्राणी एकसारखे विरळ होत नाहीत, ते गोळा होतात. स्वच्छ जंगलात सापळ्यांच्या चार रांगा लावल्या तर चारही रांगांत जवळपास सारखे आकडे येतात. कारखान्याजवळ चार रांगा लावल्या तर तीन रिकाम्या आणि एकीत बऱ्यापैकी प्राणी, असं होतं. सरासरी काढली की ‘घट’ दिसते, पण जमिनीवरची वस्तुस्थिती असते ओसाड रान आणि त्यातली बेटं. रेव्दाच्या अभ्यासकांनी हा मुद्दा नीट उचलला: प्रदूषणाचा परिणाम मोजताना निवासाची आधीपासूनची विविधता हिशेबात घेतली नाही, तर आपण कशाचा परिणाम मोजतोय हे सांगता येत नाही. पाहणी करणारा नकळत चालायला सोपी, मोकळी जागा निवडतो, किंवा उलट, काहीतरी सापडावं म्हणून ओढ्याकाठची बरी जागा निवडतो. दोन्हीपैकी काहीही केलं तरी आलेखाची रेघ वाकते. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. नकाशावर आधी निवासाचे तुकडे पाडायचे (जिवंत जंगल, मेलेलं जंगल, गवत, ओढाकाठ) आणि प्रत्येक अंतरावर प्रत्येक प्रकारात रांगा टाकायच्या. एखादा प्रकार एखाद्या अंतरावर उरलाच नसेल, तर ती सुद्धा नोंदच आहे.

आता सापळे. रशियन पद्धतीत एका रांगेत २५ चाप, एकमेकांपासून पाच ते सात मीटरवर, आमिष म्हणजे सूर्यफुलाच्या तेलात भिजवलेले पावाच्या सालीचे तुकडे. तेल न शुद्ध केलेलं हवं, कारण काम वासानेच होतं. चाप तीन ते पाच दिवस तसेच राहतात, रोज सकाळी पाहायचे आणि आमिष बदलायचं. हिशेब ‘शंभर सापळा-रात्रींमागे किती प्राणी’ असा. २५ चाप चार रात्री, म्हणजे शंभर सापळा-रात्री. इथे पहिली चूक होते. पावसाने, गोगलगाईने किंवा पडलेल्या फांदीने मिटलेला चाप उरलेली रात्र निकामी असतो, आणि प्राणी सापडलेला चापही त्यानंतर दुसरा प्राणी धरू शकत नाही. म्हणून मिटलेल्या प्रत्येक चापामागे अर्धी सापळा-रात्र वजा करायची. शंभर सापळा-रात्रींत ३० प्राणी सापडले आणि आणखी दहा चाप नुसतेच मिटले, तर भाजक १०० धरायचा नाही, ८० धरायचा. निर्देशांक ३० ऐवजी ३७.५ येतो. रिकाम्या प्रदूषित रानात ही दुरुस्ती जवळपास शून्य असते आणि गजबजलेल्या स्वच्छ जंगलात मोठी. दुरुस्ती न करणारा माणूस दोन ठिकाणांमधला फरक आपसूक कमी करून दाखवतो.

दुसरी चूक उलट्या दिशेने ओढते. प्रदूषित ठिकाणी खाणं कमी, त्यामुळे पावाच्या तेलकट तुकड्याकडे प्राणी लवकर येतो. स्वच्छ जंगलात बिया आणि बेरी भरपूर असलेल्या वर्षी त्याच तुकड्याकडे तो ढुंकून पाहत नाही. तेवढेच प्राणी असूनही आकडा वेगळा येतो. तिसरी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चापाने प्राणी मारले की जागा मोकळी होते, आणि शेजारचे आत सरकतात. पहिल्या दिवशी सापडतात ते बहुतेक तिथले रहिवासी, प्रजनन करणाऱ्या माद्या, मोठे नर. चौथ्या-पाचव्या दिवशी सापडतात त्यांत जागा शोधत फिरणारी तरुण पोरं जास्त. म्हणून रोजची पकड वेगळी लिहायची, सगळे दिवस एका बेरजेत घालायचे नाहीत. दिवसागणिक पकड कमी होत नसेल, उलट स्थिर राहत असेल, तर आपण वस्ती मोजत नसून येणारा ओघ मोजतो आहोत.

जिवंत पकडायचे पिंजरे वापरले तर ओघ आणि वस्ती वेगळी करता येते. दहा किंवा पंधरा मीटर अंतराच्या चौरस जाळीत पिंजरे मांडायचे, प्राण्याला कातडीखाली छोटी चिप टोचून सोडायचं आणि पुन्हा कोण, कुठे सापडतं ते पाहायचं. पिंजऱ्यात मूठभर सुकं गवत किंवा कापूस हवाच, उरलमधली जूनची रात्रही ओल्या व्होलला मारायला पुरेशी असते. दिवसातून दोनदा पाहणं किमान. चिचुंद्र्यांच्या या थंड प्रदेशातल्या नातेवाइकांना दर दोन-तीन तासांनी खावं लागतं, पिंजऱ्यात अळ्या ठेवल्या नाहीत तर सकाळपर्यंत त्या मेलेल्या असतात. शिवाय हातमोजे आणि मुखपट्टी. बँक व्होल पुमाला नावाचा विषाणू बाळगतो, तो माणसाच्या मूत्रपिंडांना त्रास देतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो. या जंगलात गोचिडांमुळे मेंदूज्वरही होतो, त्याची लस घेतल्याशिवाय हंगामात कोणाला रानात पाठवणं हा गुन्हा समजायला हवा.

वर्षाचा प्रश्न राहिला. उरलमध्ये बँक व्होलची संख्या साधारण तीन वर्षांच्या फेऱ्यात वरखाली होते. ओहोटीच्या वर्षी स्वच्छ जंगलातही कमी प्राणी, आणि कारखान्याजवळ शून्य. भरतीच्या वर्षी चांगल्या जागा भरून जातात. प्रजनन करणारी मादी आपली हद्द राखते, दुसऱ्या मादीला आत येऊ देत नाही, तेव्हा तरुण प्राण्यांना उरलेल्या जागांकडे जावं लागतं. मेलेल्या जंगलातही मग व्होल दिसू लागतात. एकाच वर्षी पाहणी करून ‘कारखान्याजवळ व्होल नाहीत’ किंवा ‘कारखान्याजवळही व्होल मजेत आहेत’ यांपैकी काहीही सिद्ध करता येतं, वर्ष कुठलं निवडलं त्यावर. किमान दोन पूर्ण फेरे, म्हणजे सहा वर्षं, त्याच रांगा, त्याच आठवड्यांत. एवढं केल्याशिवाय निष्कर्ष लिहूच नये असं मला वाटतं. संशोधनाला मिळणारा पैसा बहुधा तीन वर्षांचा असतो, आणि या विषयातले बरेचसे परस्परविरोधी निष्कर्ष तिथूनच जन्माला येतात.

भरतीच्या वर्षी आलेले हे प्राणी तिथे नांदतात का, की फक्त येतात आणि संपतात? किरणोत्साराने प्रदूषित झालेल्या प्रदेशांनी या प्रश्नावर धातूंपेक्षा जास्त प्रकाश टाकला. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्या शरदात सगळ्यात जास्त प्रदूषित जागांवर लहान उंदीरवर्गीयांची संख्या दोन ते दहा पटींनी घटलेली आढळली. १९८७ च्या वसंतात ती भरून येऊ लागली. कशाने? मुख्यतः कमी प्रदूषित भागांतून आलेल्या प्राण्यांनी. त्याच दोन वर्षांत, त्याच जागांवर, गर्भाशयात रुजण्याआधीच मरणाऱ्या गर्भांचं प्रमाण स्वच्छ भागाच्या दोन ते तीन पट होतं. नुसती संख्या मोजणाऱ्याने १९८७ मध्ये लिहिलं असतं की वस्ती सावरली. गर्भपिशव्या उघडून पाहणाऱ्याने लिहिलं असतं की नाही सावरली. दोघांची निरीक्षणं अचूक असती.

उरलमध्ये याहून जुनं आणि याहून बोलकं उदाहरण आहे. २९ सप्टेंबर १९५७ ला चेल्याबिन्स्क प्रांतात, किश्तिम गावाजवळच्या मायाक या अणुकारखान्यात द्रवरूप किरणोत्सारी कचऱ्याची एक टाकी फुटली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बिघडली होती. टाकीत सुमारे दोन कोटी क्युरी (क्युरी हे किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सार होता, त्यातला सुमारे वीस लाख क्युरी ढगाबरोबर ईशान्येला गेला आणि जमिनीवर एक लांब, अरुंद पट्टा आखून गेला. दर चौरस किलोमीटरला दोन क्युरीपेक्षा जास्त स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ असलेला भाग सुमारे १०५ किमी लांब, पण रुंदीला जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. आणि त्यातला खरोखर तीव्र प्रदूषणाचा गाभा याहूनही कितीतरी अरुंद.

या आकाराकडे नीट पाहायला हवं. व्होलची रोजची हद्द एक हेक्टरपेक्षा लहान असते, पण घर सोडून निघालेला तरुण प्राणी एका हंगामात किलोमीटरभर आणि त्याहूनही पुढे जाऊ शकतो. पट्टा गोल असता, तर त्याच्या मधोमध राहणाऱ्या प्राण्यांना बाहेरच्यांचा संपर्क कमी आला असता, पिढ्यांमागून पिढ्या त्यांनी तिथेच काढल्या असत्या. अरुंद पट्ट्याला जवळपास सगळी कडच आहे, मध्य नावालाच. दरवर्षी बाहेरचे प्राणी आत येतात, आतले बाहेर जातात. त्यामुळे तिथल्या प्राण्यांमध्ये किरणोत्साराला सरावलेली वेगळी वस्ती तयार झाली असेल, ही कल्पना उरलच्या काही संशोधकांनी याच कारणाने नाकारली. मला त्यांचा युक्तिवाद पटतो. सरावायला पिढ्या लागतात, आणि ज्यांच्या पिढ्याच तिथे सलग नाहीत ते कशाला सरावणार? प्रदूषणाची तीव्रता जितकी महत्त्वाची, तितकाच त्या डागाचा आकार महत्त्वाचा, आणि आकाराची नोंद अनेक अभ्यासांत एका ओळीचीही नसते.

येणारे-जाणारे ओळखायला युक्त्या आहेत. आमिषात रोडामाइन नावाचा रंग मिसळला तर तो खाल्लेल्या प्राण्याच्या मिशांत आणि केसांत चमकणारा पट्टा उमटतो. टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक मिसळलं तर ते हाडांत आणि दातांत बसतं, अतिनील दिव्याखाली पिवळं दिसतं. पट्ट्याबाहेर एका ठिकाणी असं आमिष ठेवायचं, काही दिवसांनी पट्ट्याच्या आत सापळे लावायचे आणि खुणेचे प्राणी शोधायचे. काळजी एवढीच की आमिष ठेवलेली जागा आणि सापळे यांमध्ये माणसाच्या बुटांना चिकटून किंवा पक्ष्यांच्या तोंडून आमिषाचे तुकडे जाता कामा नयेत, नाहीतर कधीच न हललेला प्राणी प्रवासी ठरतो.

स्ट्रॉन्शियम-९० तर स्वतःच खूण आहे. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडात बसवतं. ज्याची हाडं या पट्ट्यातल्या चाऱ्यावर वाढली, त्याच्या हाडांत ते पुरेपूर असतं. जो परवा आला, त्याची हाडं स्वच्छ असतात. पट्ट्याबाहेर सापडलेल्या एखाद्या व्होलची हाडं किरणोत्सारी निघाली, तर तो आतून बाहेर गेलेला. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, २९ वर्षांच्या आसपास असल्यामुळे इतक्या दशकांनंतरही ही खूण मोजता येते.

रेव्दाच्या धातूंमध्ये इतकी सोयीची खूण नाही, पण थोडी मेहनत घेतली तर बनवता येते. तांबं आणि जस्त शरीराला लागतं, शरीर त्यांची पातळी राखतं, म्हणून त्यांच्यावरून फारसं कळत नाही. शिसं हाडांत आणि मूत्रपिंडांत साठतं. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडांत साठतं, तिथे एका प्रथिनाला चिकटून राहतं आणि फार हळू बाहेर पडतं. त्यामुळे वयाबरोबर ते वाढत जातं. याचा अर्थ, वय नक्की माहीत असेल तर मूत्रपिंडातलं कॅडमियम त्या प्राण्याने प्रदूषित जागेत किती काळ काढला याचा अंदाज देतं. हिवाळा पाहिलेला, दाढांना लांब मुळं आलेला व्होल कारखान्यापासून दीड किलोमीटरवर सापडला आणि त्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम कमी, तर तो तिथला नाही. तेवढंच कॅडमियम महिन्याभराच्या पिल्लात असेल, तर ते पिल्लू तिथेच वाढलेलं असण्याची शक्यता मोठी.

वय दाढांवरून काढतात. बँक व्होलच्या दाढांना सुरुवातीला मुळं नसतात, दाढ तळाशी उघडी असते. साधारण अडीच-तीन महिन्यांचा झाला की मुळं फुटू लागतात आणि पुढे वाढत राहतात. कवटी थोडा वेळ उकळायची, चिमट्याने दाढ काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली मुळाची लांबी आणि दाढेची एकूण उंची मोजायची. गवतातल्या व्होलांना ही पद्धत लागू पडत नाही, त्यांच्या दाढांना जन्मभर मुळं येत नाहीत. एकाच टेबलावर दोन्ही जाती असतील तर लेबलं उलटसुलट व्हायला वेळ लागत नाही आणि मग तरुणांची अख्खी फौज कागदावर जन्म घेते.

मूत्रपिंडाचं वजन ग्रॅमच्या छोट्या अंशात असतं, वाळल्यावर त्याहूनही कमी. एवढ्याशा ऊतीत धातू मोजताना धूळ हा मुख्य शत्रू. प्राण्याच्या केसांवर कारखान्याची धूळ असते, शवविच्छेदनाच्या वेळी ती सहज आत जाते. आधी अंग ओलं करून धूळ बसवायची, मग कातडी काढायची, प्रत्येक अवयवाला वेगळी स्वच्छ हत्यारं वापरायची. स्थिर वजन येईपर्यंत वाळवायचं, शुद्ध नायट्रिक आम्लात विरघळवायचं, प्रत्येक फेरीत ऊती नसलेली एक कोरी कुपी त्याच वाटेने न्यायची. कोऱ्या कुपीत शिसं निघालं तर त्या फेरीतले सगळे आकडे बाद. कितीही वाईट वाटलं तरी बाद.

आणि प्राण्याला किती विष मिळतं हे धुरांड्यापासूनच्या अंतराने मोजू नये. वारा, चढउतार, झाडांची आडवण यांमुळे एकाच अंतरावरची माती खूप वेगळी असते. प्रत्येक रांगेच्या आसपास पाचोळ्याचे निदान पाच नमुने घ्यावेत. त्याहून चांगलं म्हणजे प्राण्याच्या जठरातला ऐवज. रेव्दाच्या अभ्यासांत हाच मार्ग धरलेला आहे. व्होलने खरोखर काय खाल्लं आणि त्याबरोबर माती किती गिळली, दोन्ही तिथे एकत्र मिळतं.

माद्यांकडून सगळ्यात जास्त कळतं. अंडाशयावरचे पिवळे गोळे मोजले की किती अंडी सुटली ते समजतं. गर्भपिशवीत रुजलेल्या जागा मोजल्या की किती टिकली ते समजतं. सहा गोळे आणि पाच जागा असतील, तर एक गर्भ रुजण्याआधीच गेला. पाचांपैकी एक जागा लहान, काळपट, विरघळू लागलेली असेल, तर तो नंतर गेला. व्यालेल्या मादीच्या गर्भपिशवीवर प्रत्येक पिल्लामागे एक गडद डाग राहतो, काही आठवड्यांनी तो फिका पडतो आणि पुढच्या वेताचे डाग त्यावर चढतात, म्हणून हे मोजमाप ताज्या शवावरच करावं. गोठवलेल्या, पुन्हा वितळवलेल्या मादीत दोन वेतांचे डाग वेगळे ओळखणं अवघड जाऊ शकतं. दहा तरुण नरांपेक्षा हिवाळा काढलेली एक गाभण मादी त्या जागेबद्दल जास्त सांगते, कारण ती हद्द राखून बसलेली असते, वाटेने जाताना सापडलेली नसते. कुठल्याही प्रदूषित जागेच्या अहवालात मी आधी हाच आकडा शोधतो: हद्द राखणाऱ्या माद्या किती, आणि त्यांचे गर्भ किती टिकले. बहुतेक अहवालांत तो नसतो.

घाई किती महाग पडते याचं उदाहरण याच प्राण्याच्या वाट्याला आलेलं आहे. चेर्नोबिलच्या व्होलांमध्ये आनुवंशिक बदलांचा वेग प्रचंड वाढल्याचा निष्कर्ष १९९६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. लेखकांनी स्वतःच नमुने स्वयंचलित यंत्रावर पुन्हा वाचले, आधीच्या वाचनातल्या चुका सापडल्या, आणि १९९७ मध्ये त्यांनी तो लेख मागे घेतला. आपलंच काम पुन्हा तपासून जाहीरपणे मागे घेणाऱ्या त्या शास्त्रज्ञांबद्दल मला फार आदर आहे. पण ‘चेर्नोबिलचे बदललेले उंदीर’ अजूनही लोकांच्या बोलण्यात जिवंत आहेत, मागे घेतल्याची बातमी तिथवर पोचलेली नाही.

रेव्दात आता वेगळाच प्रयोग आपोआप चालू आहे. धूर जवळपास थांबला, पण पाचोळ्यातले आणि मातीतले धातू तिथेच आहेत. ते धुपून किंवा झिरपून जायला खूप मोठा काळ लागेल. आम्लता मात्र कमी होऊ लागली, आणि आम्लता कमी झाली की तेवढेच धातू कमी जाचक होतात. गांडुळं कारखान्याच्या दिशेने सरकली, त्यांच्यामागून मोल सरकला. लहान सस्तन प्राण्यांची संख्याही काही प्रमाणात सावरली. विष तितकंच असताना प्राणी परत येतात, यावरून त्यांची हद्द कशाने ठरत होती याचा पुष्कळसा उलगडा होतो. व्होलच्या बाबतीत मात्र अजून एक गोष्ट सुटी करायची आहे. आता जवळच्या जंगलात वाढलेला आकडा तिथल्याच माद्यांच्या पिल्लांचा आहे, की चार-सहा किलोमीटरांवरचं जंगल आधी सावरलं आणि तिथली जादा पिल्लं इकडे येऊ लागली त्याचा? हे ठरवायचं तर ओहोटीच्या वर्षाच्या वसंतात, बर्फ वितळल्या वितळल्या, कारखान्याजवळच्या बेटांवर जिवंत पकडायचे पिंजरे लावायला हवेत. तेव्हा बाहेरून येणारं जवळपास कोणी नसतं. त्या दिवसांत सापडलेल्या माद्यांनी हिवाळा तिथेच काढलेला असतो.